पुलावरची शेवटची सहा मिनिटं

माझा मिनोरू दुसरीत होता त्या वर्षी शाळेच्या पालकसभेत मला एक काम चिकटलं. सभेला उशिरा पोचलं की असंच होतं. बरी बरी कामं आधी आलेल्यांनी उचललेली असतात. माझ्या वाट्याला आलं टीव्ही बघायचं काम.

तुम्ही हसाल. पण ते १९७८ साल. घरोघरी रंगीत टीव्ही आलेले, आणि गुरुवारी संध्याकाळी सातला ‘भटका सामुराई हागिमारू’ लागलं की तोत्तोरीच्या किनाऱ्यावरच्या आमच्या त्या बंदरात गल्लीत चिटपाखरू दिसायचं नाही. हागिमारू दहा वर्षांचा पोर. हरवलेल्या बापाला शोधत कमरेला मोठ्यांची तलवार लावून देशभर हिंडायचा. शुक्रवारी सकाळी शाळेच्या आवारात सगळ्या छत्र्यांच्या तलवारी व्हायच्या. दोन पोरांच्या भुवया फुटल्यावर सभेने ठरवलं, तीन आयांनी दर आठवड्याचा भाग बघायचा आणि पालकांसाठी एक पत्रक काढायचं. किती वर्षांच्या मुलाला दाखवावं, घाबरण्यासारखं काय आहे, बघून झाल्यावर मुलाशी काय बोलावं, एवढंच. शुक्रवारी लिहायचं, रात्रीच्या जेवणाआधी सायक्लोस्टाइलवर काढायचं, शनिवारी मुलांच्या दप्तरात. माझ्या कितीतरी झग्यांच्या बाह्यांना ती काळी शाई कायमची लागली. आता ते झगे नाहीत, शाळाही दुसऱ्या गावच्या शाळेत मिसळली, पण तो शाईचा वास आठवला की मी पुन्हा तिशीतली होते.

आम्ही तिघी अशा : औषधाच्या दुकानाच्या किर्यूसान, टोफूवाल्या ओगिनोसान आणि मी. किर्यूसान आमच्या म्होरक्या. चव्वेचाळीस वर्षांच्या, ताठ पाठीच्या. त्यांचा शेंडेफळ मुलगा सहावीत होता आणि तोसुद्धा त्यांच्याशी ‘हो’ आणि ‘नाही’ यापुढे बोलत नसे. ओगिनोसान पहाटे तीनला उठून सोयाबीन वाटायच्या, त्यामुळे दिवसभर जांभया द्यायच्या आणि त्या जांभयांमधून सगळ्या गावाची खबर सांगायच्या.

जानेवारीतल्या एका गुरुवारी हागिमारूला बाप सापडला. बर्फात, एका लाकडी पुलावर. पण बाप शत्रूच्या चाकरीत, पूल राखायला उभा. मुलाला पलीकडे जायचं, बाप सोडत नाही. दोघांनी तलवारी उपसल्या. मी आणि मिनोरू खाली शेगडी असलेल्या, पांघरुणाच्या बसक्या टेबलाखाली पाय घालून बसलो होतो, त्याच्या हातातलं संत्र अर्धं सोललेलं. आणि टीव्ही विझला. दिवेही गेले. ओल्या बर्फाच्या वजनाने तारा तुटल्या होत्या. नदीच्या आमच्या बाजूला सगळा अंधार.

मिनोरूने अंधारात विचारलं, “आई, आता काय झालं असेल?”

“उद्या किर्यूसानना विचारू,” मी म्हटलं. त्यांचं घर नदीपलीकडे होतं. घड्याळात शेवटची सहा मिनिटं उरली होती. सहा मिनिटांनी असं काय बिघडणार होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हिसानो उभी होती. नदीपलीकडे राहायची, बंदरावर खेकडे निवडायच्या शेडमध्ये काम करायची, बोटं थंडीने लाल झालेली. आदल्या फेब्रुवारीत तिचा नवरा खेकड्यांच्या बोटीवर गेला तो आलाच नाही. बोटही नाही, माणसंही नाहीत. मुलगी चिनात्सु मिनोरूच्याच वर्गात.

“कामावर जायचंय, बसत नाही,” ती म्हणाली. “ते पत्रक तुम्हीच लिहिता ना? मग मला एक सांगा. काल मी चिनात्सुला ते बघू दिलं. चांगलं केलं का वाईट?”

“काय झालं?”

“बाप गेल्यापासून ती एकदा रडली नाही. त्याचं नावसुद्धा काढत नव्हती. काल ते संपलं, तिने भाताचा वाडगा बाजूला सारला आणि मला विचारलं, आई, बाबाला तिकडे कुणी राखणीला उभं केलंय का, म्हणून तो येत नाही?” हिसानोने दाराची चौकट धरली. “मी भांडी घासत होते हो. मी काही पाहिलंच नाही. ती काय बघून असं म्हणाली, मला कळलंच नाही. म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं. तुमचं कामच आहे ना ते?”

माझं कामच होतं ते. मी म्हटलं, “संध्याकाळी सांगते.” दिवे गेल्याचं मी तिला सांगितलं नाही. त्याची लाज मला अजून आहे.

दुपारी गमबूट चढवून मी नदी ओलांडली आणि आधी टोफूच्या दुकानात गेले.

“ओगिनोसान, कालचा शेवट काय झाला?”

त्यांनी पाण्यातून टोफूची लादी काढता काढता माझ्याकडे पाहिलं नाही. “शेवट ना. म्हणजे आता… तलवारी काढल्या त्यांनी.”

“त्याच्या पुढे?”

“पुढे आमच्या ह्यांनी माझ्या अंगावर रजई घातली,” त्या म्हणाल्या. “आता तुम्ही ओरडणार. पण पहाटे तीनला उठून बघा एकदा, मग सांगा मला. सात वाजून गेले की माझं डोकं आपोआप खाली जातं. आमच्या ओसामुने पाहिलंय, त्याला विचारा.”

शाळा सुटायची वेळ झालीच होती. मी शाळेच्या दारातल्या बुटांच्या मांडणीपाशी उभी राहिले आणि बाहेर पडेल त्या पोराला विचारू लागले. ओसामु म्हणाला, हागिमारूने एका घावात बापाची तलवार मोडली, खटकन तुकडा नदीत. तांदळाच्या दुकानाचा धाकटा म्हणाला, तिथे एक कुत्रा होता.

“बरं, आणि बापाचं काय झालं?”

“कुत्र्याला थंडी वाजत होती,” तो म्हणाला. बापाबद्दल त्याला काही सांगायचं नव्हतं.

एक मुलगी म्हणाली बाप मेला, दुसरी म्हणाली तो बाप नव्हताच, मुखवटा होता. सगळ्यांत शेवटी चिनात्सु आली. गळपट्टा नीट तीनदा गुंडाळलेला, आईसारखी बारीक.

“चिनात्सु, काल शेवटी काय झालं गं?”

तिने बूट घातले, मग माझ्याकडे पाहिलं. “तो म्हणाला, जा. आणि मग तो मागे वळून उभा राहिला. बाकीचे येऊ नयेत म्हणून. मग खूप बर्फ पडला.”

“मग?”

“मग दिसत नव्हतं काकू. बर्फच होता ना.” आणि ती निघून गेली.

पाचला आम्ही तिघी शिक्षकांच्या खोलीत जमलो. किर्यूसाननी मजकूर लिहूनच आणला होता. ‘बाप-मुलाचा रक्तपात. बारा वर्षांखालील मुलांना दाखवू नये. मालिका बंद करण्याबद्दल वाहिनीला पत्र पाठवावं.’

मी म्हटलं, “किर्यूसान, मला आधी शेवट सांगा. माझ्याकडचे दिवे गेले होते.”

“शेवट स्पष्ट आहे. दोघांनी शस्त्र उपसलं म्हणजे काय होणार?”

“काय होणार नाही, काय झालं?”

त्या सायक्लोस्टाइलचा मेणकागद सरळ करत बसल्या. ओगिनोसान तेवढ्यात बोलल्याच, “अहो मी झोपले होते. कबूल करून टाकते, म्हणजे सुटले.”

त्यांनी स्टोव्हवरची किटली उतरवली. मग किर्यूसान म्हणाल्या, “मी टीव्ही बंद केला.”

“बंद केला?”

“मुलगा ओरडत राहिला, आई लाव, आई लाव. मी लावला नाही.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच करडा होता, फक्त सावकाश येत होता. “एकोणीसशे चव्वेचाळीस साली, लढाईत, माझा मोठा भाऊ पलटणीत गेला. सगळी आळी स्टेशनावर गेली. मला नेलं नाही. म्हणाले, लहान आहे, रडेल, तिला शेजारी ठेवा. मी शेजारच्या अंगणात गाडीची शिट्टी ऐकली. तो आलाच नाही परत. गाडी सुटताना तो हसला का, त्याने हात केला का, घरात कुणीच कधी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणायचे, तुला काय करायचंय.” त्यांनी मेणकागद बाजूला ठेवला. “काल मला ते दोघं पुलावर दिसले आणि माझा हात आपोआप बटणावर गेला.”

ओगिनोसाननी त्यांच्यापुढे चहा सरकवला. 

मग मी हिसानोचं सांगितलं. चिनात्सुचंही. ते ऐकून किर्यूसाननी आपला मजकूर चार घड्या करून पिशवीत टाकला. “मग काय लिहिणार?” त्यांनी विचारलं. त्या आम्हाला विचारताहेत, असं पहिल्यांदाच घडत होतं.

मी कोऱ्या मेणकागदावर लोखंडी लेखणीने कोरायला घेतलं. ‘या आठवड्याचा शेवट आम्हा तिघींपैकी एकीनेही पाहिलेला नाही. एकीकडे दिवे गेले, एकीला झोप लागली, एकीने टीव्ही बंद केला. हा भाग मुलांना दाखवण्याजोगा होता की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. नदीपलीकडच्या मुलांनी तो पाहिला आहे. शेवटी काय झालं, हे त्यांना विचारा आणि ती सांगतील ते मध्ये न बोलता ऐका. जमलं तर ते लिहून शाळेत पाठवा.’

“झोपेचं लिहायलाच हवं का?” ओगिनोसान म्हणाल्या.

“लिहायलाच हवं,” किर्यूसान म्हणाल्या, आणि खाली तिघींची नावं त्यांनी स्वतः कोरली.

घरी जाताना मी हिसानोकडे गेले आणि दिवे गेल्याचं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “म्हणजे तुम्हालाही माहीत नाही. मग मीच विचारते तिला.” पुढच्या रविवारी मायलेकी धक्क्यावर बसलेल्या मला दिसल्या. चिनात्सु रडत होती, चांगली मोठ्याने, नाक गळेपर्यंत, आणि हिसानो तिला गप्प करत नव्हती. मी दुसऱ्या रस्त्याने गेले.

पालकांच्या त्रेसष्ट चिठ्ठ्या आल्या. कुणी बीजकाच्या पाठीवर लिहिलेलं, कुणी कॅलेंडरच्या कागदावर. दोघातिघांनी आमची खरडपट्टी काढली होती, की ज्यांना जागं राहता येत नाही त्यांनी दुसऱ्यांना शिकवू नये. बाकीच्यांत मात्र मुलांचे शेवट होते. एका बापाने लिहिलं होतं, ‘पोरगा एवढा वेळ माझ्याशी पहिल्यांदाच बोलला. काय बोलला ते लिहीत नाही.’ किर्यूसान त्या सगळ्या चिठ्ठ्या घरी घेऊन गेल्या आणि त्यांनी त्या परत आणल्याच नाहीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सकाळी जुने भाग पुन्हा लावायचे. पुलावरचा भाग ऑगस्टमध्ये लागणार हे ओगिनोसानना कुणाकडून तरी कळलं. आम्ही सगळ्या हिसानोच्या छोट्याशा खोलीत जमलो. पंखा, जवाचा गार चहा, बाहेर रातकिड्यांसारखे भर दिवसा किरकिरणारे सेमी किडे. किर्यूसान कलिंगड घेऊन आल्या. ओगिनोसान उभ्याच राहिल्या, बसलं की झोप येते म्हणून.

बापाने तलवार उगारली ती मुलाच्या डोक्यावरून, मागून धावत येणाऱ्या शिपायांवर. “जा,” तो म्हणाला. हागिमारू धावत सुटला. त्याची फक्त पावलं दिसत होती. मागे खणखणाट, पात्याचा एक तुकडा नदीत पडला. पलीकडे पोचून त्याने वळून पाहिलं तर बर्फ इतका दाट की पूलच दिसेना. त्या पांढऱ्यातून एक कुत्रा लंगडत आला आणि त्याच्या पायाशी बसला.

गाणं सुरू झालं. कलिंगडाच्या बिया बशीत काढत चिनात्सु म्हणाली, “तेव्हा मला वाटलं होतं, तो अजून उभा आहे. नाहीये. तो पडला असणार.” थोड्या वेळाने म्हणाली, “पण त्याआधी त्याने जा म्हटलं.”

हिसानोने तिच्या केसांवरून हात फिरवला आणि तसाच ठेवला.

किर्यूसान पडद्याकडेच बघत होत्या. “माझा भाऊ गेला तेव्हा मी तुझ्याहून थोडीच मोठी होते,” त्या म्हणाल्या.

“कसा होता तो?” चिनात्सुने विचारलं. आम्हा मोठ्यांना सहा-सात महिन्यांत ते विचारायचं सुचलं नव्हतं.

किर्यूसान सांगू लागल्या. तो शेजारच्यांची कच्ची पर्सिमनं चोरायचा आणि तुरट लागली तरी संपवायचा. शिट्टी वाजवायचा, पण सूर धड नसायचा. धाकट्या बहिणीला पाठीवर घेऊन नदी ओलांडायचा आणि मध्येच थांबून, आता टाकतो, आता टाकतो, म्हणायचा. चिनात्सु मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती. औषधाचं दुकान उघडायची वेळ होऊन गेली. ओगिनोसान भिंतीला टेकून उभ्या उभ्याच झोपल्या होत्या. त्यांना कुणी उठवलं नाही, आणि किर्यूसानना कुणी थांबवलं नाही.