हलीमाबीच्या फोटोखाली

मी ऑक्सिजनची मशीन बोलतेय. खोलीतली हवा ओढायची, तिच्यातला ऑक्सिजन वेगळा करायचा आणि नळीतून माणसाच्या नाकाशी पोचवायचा, हे माझं काम. पण मशीनला राग येत नाही असं समजू नका.

बाळापूरच्या हलीमाबीचं आयुष्य जिनिंगच्या कारखान्यात, कापसाच्या धुळीत गेलेलं. फुप्फुसं सुजून सुजून कडक होत चाललेली. तरी माझी नळी लावून ती दारापर्यंत जायची, शेजारणींशी खुशाल भांडायची.

मग अकोल्यात एका डॉक्टरनं नवा दवाखाना थाटला. "तुमच्याच हाडातून मूळ पेशी काढू, शिरेतून परत सोडू. स्टेम सेल म्हणतात. फुप्फुसं नवी होतील!" मोठ्या इस्पितळांत यावर अजून प्रयोगच चाललेत, हे त्यानं सांगितलं नाही. हलीमाबीनं वावर विकलं. उपचारानंतर ताप भरला, आणि ती खाटेला खिळली.

एके दिवशी तिची मुलगी नगमा अकोल्याहून तडक घरी आली. "अम्मी, उस दवाखाने में तुम्हारा फोटो टंगा है. नीचे लिखा है, पूर्ण बरी."

हलीमाबीनं नाकाशी नळी नीट बसवली. मग म्हणाली, "मशीन उठा."

नगमानं आम्हा दोघींना गाडीत घालून अकोल्याला नेलं. दवाखान्यात नव्या रुग्णांसाठी शिबिर होतं, हॉल भरलेला. ती आपल्या फोटोखाली बसली. नगमानं मला सुरू केलं. माझी घरघर ऐकून लोक वळले.

"हा फोटो माहाच हाय," हलीमाबी म्हणाली. "पाहा, कशी बरी झाली मी!"

डॉक्टरच्या माणसानं धावत येऊन माझी पिन उपसली. नगमा झेपावली, पण हलीमाबीनं तिचा हात धरला. ओठ निळे पडत होते. "राहू दे... पाहू दे लोकायले."

भातकुलीचे महादेवराव बायकोला, वच्छलाबाईला, फुप्फुसांच्या उपचारासाठी घेऊन आले होते. ते उठले, पिन परत लावली आणि डॉक्टरवर ओरडले, "इचा श्वास काहून तोडला बे? माह्या बायकोले हात नोको लावू!"

हॉल रिकामा झाला. बाहेर कुणीतरी दवाखान्याच्या पाटीची काच फोडली. तो आवाज मला फार गोड लागला.

हलीमाबी त्याच वर्षी गेली. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "फोटो उतरा क्या?"

"उतर गया, अम्मी."

नगमानंच मला वच्छलाबाईकडे पोचवलं. डॉक्टर अकोल्यातून पळाला; दुसऱ्या नावानं कुठंतरी बसलाय म्हणतात. तुमच्या गावात दिसला तर निरोप धाडा. वच्छलाबाई म्हणते, "जाऊ ना आपण दोघी."

मी जड आहे खरी. पण मला चाकं आहेत.