मेंढ्याच्या कानातला मंत्र

आमच्या कुंडेर राज्यात माणूस राज्य करत नाही. राज्य करतो शिखरनाग देव. राजा त्याचा नुसता कारभारी. देवाचा हुकूम मेंढा सांगतो. आणि मेंढ्यानं काय सांगायचं, ते मला आदल्या संध्याकाळी कळत असे.

रीत साधी होती. तंटा आला की फिर्यादीनं आपला मेंढा देवळापुढं उभा करायचा. देव ज्याच्या तोंडून बोलतो त्याला आम्ही ‘गूर’ म्हणतो; त्या गूरनं, म्हणजे आमच्या लछणूनं, मेंढ्याच्या माथ्यावर झऱ्याचं पाणी ओतायचं. मेंढ्यानं अंग झाडलं तर देवाचा होकार, नाहीतर नकार. त्याआधी मेंढ्याच्या कानात गुप्त मंत्र सांगायचा मान माझ्या घराण्याचा. मंत्र इतका गुप्त होता, की माझ्या बापालाही तो ठाऊक नव्हता.

त्या दिवशी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शिंगं फुंकली जात होती, माणसं देवळाच्या दगडी छपरावर चढली होती.

“नोखूच्या वेळी मेंढा पुतळ्यासारखा उभा होता! मी या डोळ्यांनी पाहिलं!” एक म्हातारा सांगत होता.

“तुझ्या डोळ्यांचं कौतुक नको सांगूस,” त्याची बायको म्हणाली. “जत्रेतून दुसरीच बाई घरी घेऊन येत होतास.”

सगळे हसले. मी हसलो नाही. नोखूच्या मेंढ्याच्या कानातही मंत्र मीच सांगितला होता. दोन वर्षांपूर्वी, बर्फ पडायच्या तोंडावर, नोखू, त्याची बायको आणि तान्हं पोर यांना खिंडीपलीकडं हाकललं. तिकडून येणाऱ्या व्यापाऱ्यांना मी दर उन्हाळ्यात त्यांच्याबद्दल विचारतो. ते मान हलवतात आणि मीठ विकायला लागतात.

आज पाळी धरमोची होती. नवरा कड्यावरून पडून गेलेला, पदरी आठ वर्षांची मुलगी. वरचं कुरण तिच्या सासऱ्यापासूनचं. गूरच्या जावयाचं म्हणणं, ते त्याचं. देव ‘नाही’ म्हणाला, तर धरमोनं राज्य सोडायचं.

गूर घुमू लागला. केस मोकळे सोडून ओरडला, “मी हिमाचा बाप! मी वीज चावून खातो! मी सात नद्या एका घोटात... अरे, पाणी कोमट आहे का बघा, गेल्या वेळी माझी बोटं बधिर झाली.”

मी मेंढ्याशेजारी बसलो, त्याच्या दोन्ही कानांशी पुटपुटलो आणि मागं झालो. गूरनं घागर रिकामी केली. मेंढा निथळत उभा राहिला. शेपूटसुद्धा हलली नाही.

“नाही म्हणाला! देव नाही म्हणाला!” गर्दीनं जमिनीला डोकी टेकली.

राजा धनाटवर्मा जांभई आवरून उठला. “देवाची इच्छा. बाई, परवापर्यंत...”

“महाराज, थांबा जरा,” धरमो म्हणाली. “हा मेंढा मी वाढवलाय. पाठीवर माशी बसली तरी हा अंग झाडतो. बिधूकाका, याच्या कानात काय सांगितलंत?”

“मंत्र.”

“मोठ्यानं म्हणा.”

“गुप्त आहे गं.”

“मग हात दाखवा.”

“देवाच्या माणसाला हात दाखवायला सांगते!” गूर किंचाळला. “जीभ झडेल तुझी!”

मी नाही म्हणू शकलो असतो. पण तिची मुलगी मागं उभी होती आणि तिच्या पाठीवर गाठोडं बांधलेलं होतं. निकालाआधीच. त्यात घोंगडी एकच दिसत होती.

मी हात उघडला. बोटं तुपकट चकाकत होती.

लोणी आणि मेण, दुसरं काही नाही. कानात पाणी शिरलं की मेंढा अंग झाडतो, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. इतकं पाणी ओतलेलं सगळ्यांनी पाहिलेलं, तेव्हा ते कानात गेलंच असणार असं सगळे धरून चालत. ते जात नसे. मी आत गोळी बसवत असे. गूर ज्याला जिंकवायचं म्हणेल, त्याच्या मेंढ्याच्या कानात नुसती फुंकर. या सेवेबद्दल देवळाच्या चुलीजवळची जागा माझी होती. सहा महिने बर्फ असतं आमच्याकडं. पण नोखूलाही थंडी वाजतच असणार.

धरमोनं एका कानातली गोळी बोटानं कोरून काढली, घागर घेतली आणि ओतली. मेंढ्यानं असं अंग झाडलं, की राजा चिंब झाला.

“हो म्हणाला! देव हो म्हणाला!” तीच गर्दी, तीच डोकी, तीच जमीन.

“अरे, उठा रे!” धरमो वैतागली. “देव काही म्हणाला नाही. थांबा, आणखी एक विचारते.” तिनं पुन्हा घागर उचलली. “देवा, आमचा राजा गाढव आहे का?”

पाणी पडलं. मेंढ्यानं अंग झाडलं. जोरात.

राजानं तोंड पुसलं.

“मेंढा खरा, तर मी गाढव,” तो सावकाश म्हणाला. “काय गूरजी, तुमचं काय मत?”

गूरचं घुमणं केव्हाच थांबलं होतं. “महाराज, मेंढा... कधी कधी चुकतो.”

मग राजानं जन्मात पहिल्यांदा स्वतः चौकशी केली. कुरणावर झरा कुठं आहे, एवढंच विचारलं. जावयानं तीन दिशा दाखवल्या. धरमोनं झरा सांगितला, त्यावर दगड कुणी रचले ते सांगितलं, शेजारच्या चार मेंढपाळांनी माना डोलावल्या. कुरण तिचं ठरलं. एवढ्या कामाला देव लागला नाही, मेंढाही नाही.

माझं सांगणं तेवढंच आहे. देवाला हात जोडायचे तर जोडा. पण कुणाचं घर उठवायचं असेल, तेव्हा विचारायचं ते माणसांना, आणि उलटसुलट विचारायचं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यापेक्षा ज्यांनी पाहिलं आणि विचारलं नाही, त्यांनीच नोखूला खिंडीत नेलं. सर्वांत पुढं मी होतो.

हेच सगळं मी धरमोला सांगायला गेलो. तिच्या पायांशी बसलो. नोखूचं सांगितलं, तान्ह्या पोराचं सांगितलं, माझ्या बापाचं, चुलीचं सांगितलं. बराच वेळ बोललो, रडलोही.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“झालं?” ती म्हणाली. “मग जरा याची शिंगं धरा, काका. दुसरा कान राहिलाय.”