काचेच्या कपाटासाठी कोश

मोठ्या कोशातल्या अक्षराची उंची एक मिलिमीटरपेक्षा किंचित कमी भरली. प्रयोगशाळेतली पट्टी आणि भिंग घेऊन मी ती तीन वेगवेगळ्या पानांवर मोजली. कागद इतका पातळ होता की मागच्या पानावरचे शब्द पुढच्या ओळींमधून डोकावत होते. लहान कोशातलं अक्षर जवळजवळ दुप्पट होतं, आणि तो टेबलावर उघडा ठेवला की उघडाच राहत होता.

हे दोन्ही स्पॅनिश-इंग्रजी कोश कल्याणच्या एका विक्रेत्याने आमच्या वाचनालयाला पसंतीसाठी पाठवले होते. एक ठेवायचा, एक परत करायचा. एवढ्यासाठी कार्यकारिणीची ही तिसरी बैठक. ठरावावर तीन सह्या लागतात. अध्यक्ष देवजीशेठ आणि चिटणीस वाल्मिक यांनी मोठ्या कोशासाठी पहिल्याच बैठकीत सह्या केल्या होत्या. तिसरी सही माझी. "बघून सांगते," असं म्हणत मी दोन बैठका काढल्या होत्या. कार्यकारिणीवरच्या अकरा वर्षांत मी एकही ठराव अडवलेला नव्हता, त्यामुळे माझं बघणं म्हणजे सही करायला लागणारा वेळ, असाच दोघांचा समज होता.

कोश मागितला होता रंजिताने. ती धसईच्या पुढच्या एका पाड्यावरची. बारावीला माझ्याकडे रसायनशास्त्राला होती. आसनगावजवळची एक कंपनी तिला स्पॅनिश शिकवत होती. परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी वाचून उत्तरं लिहायची, असं काम. फेब्रुवारीत लेखी परीक्षा होती. पास झाली तर नोकरी, नाहीतर पुन्हा भातलावणी. परीक्षेला मोबाईल बाहेर ठेवावा लागतो, छापील कोश चालतो. तिच्या पाड्यावर तर मोबाईलला रेंजच नाही. मी स्वतः एक कोश घेऊन देते म्हटलं, तर ती म्हणाली, वाचनालयातच ठेवा बाई, माझ्यामागून पाड्यावरच्या सोमी आणि भिमी हेच शिकायला येणार आहेत.

मी तिला एक काम सांगितलं. आठवडाभर अभ्यास करताना जिथे अडशील तो शब्द लिहून ठेव, कोश उघडू नकोस. वीस शब्द जमले. मग दोघींनी ते दोन्ही कोशांत शोधले. मोठ्यात सहा सापडले, लहानात अठरा. मोठा कोश जुन्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण होता. त्यात घोड्याच्या खोगिराच्या भागांना अकरा शब्द होते आणि पार्सल परत पाठवण्याला एकही नव्हता. लहानात शब्द वाक्यात कसा वापरायचा तेही दिलं होतं.

हे मी बैठकीत कागदावर मांडून दाखवलं. देवजीशेठची भाताची गिरणी आहे. त्यांनी कागद बाजूला सारला, दोन्ही कोश दोन तळहातांवर घेतले आणि डोळे मिटून तोलले.

"बाई, वीसच शब्द बघितलंत तुमी," ते म्हणाले. "ह्याच्यात लाखभर हायेत."

वाल्मिकने खरी अडचण सांगितली. जानेवारीत वाचनालयाची ग्रंथदिंडी निघते. पालखीत दरवर्षी नवा ग्रंथ लागतो आणि तो रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला दिसला पाहिजे. दिंडी झाली की ग्रंथ काचेच्या कपाटात जातो. कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली देवजीशेठच्या घरी. आतल्या ज्ञानकोशाच्या खंडांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही.

मागच्या वर्षी ऐनवेळी जाड ग्रंथ मिळाला नाही, तेव्हा या दोघांनी मुंबईची जुनी टेलिफोन डिरेक्टरी लाल रेक्झिनमध्ये बांधून पालखीत ठेवली होती. प्रमुख पाहुण्यांनी तिला हार घातला आणि ज्ञानाच्या महतीवर पाऊण तास बोलले. मला आत काय आहे ते माहीत होतं. मीही फुलं वाहिली होती.

विक्रेत्याचा माणूस त्याच दुपारी पुस्तकं न्यायला येणार होता. सह्या पूर्ण नसतील तर दोन्ही परत. रंजिता दाराशी उभी होती. चौकशीला आली होती. देवजीशेठनी तिला आत बोलावलं.

"काय गो, हा मोठा झ्याक हाय ना?"

रंजिताने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्यांच्या गिरणीत तिचा बाप हमाली करतो. "चांगला हाय," ती म्हणाली.

"बघा बाई. जिला पायजे तीच सांगते." त्यांनी कोश उघडून तिच्या हातात दिला आणि चार ओळी वाचायला सांगितल्या. तिने पान नाकाजवळ नेलं, मग खिडकीकडे वळून उजेडात धरलं. पहिल्याच ओळीत अडखळली. ते म्हणाले, चष्मा लाव गो. वाल्मिक म्हणाला, तशी पण हिला दिंडी झाल्यावर बघायलाच मिळेल की, काचेतून.

तो हे विनोदाने बोलला नव्हता. सोय सांगत होता.

रंजिताने कोश मिटला आणि दोन्ही हातांनी जपून परत दिला, देवळातली वस्तू द्यावी तसा. तेवढ्यात बाहेर विक्रेत्याच्या माणसाची गाडी थांबली. वाल्मिकने ठराव माझ्यापुढे सरकवला, पेनचं टोपणही काढून दिलं.

मी मोठ्या कोशाचं नाव खोडलं. वर लहानाचं लिहिलं, खाली सही केली आणि कागद त्या दोघांकडे फिरवला.

"मोठा परत जाईल," मी म्हणाले. "या खाडाखोडीपाशी तुमच्या पुन्हा सह्या नसतील तर दोन्ही जातील, आणि दिंडीला पुन्हा डिरेक्टरी काढा, आत काय आहे ते मी या वेळी पाहुण्यांना सांगेन. लहान कोश कपाटात जाणार नाही, देवजीशेठ. तो आज रंजिता घरी नेईल."