सातव्या वर्षाचा राक्षस

फकीर मोहम्मद अमडापूरचा पत्रेकाम करणारा. वर्षभर डबे, चाळण्या, नरसाळी ठोकायचा. पण त्याचं नाव झालं ते जत्रेतल्या खेळामुळं. महाराष्ट्र झाला त्या साली त्यानं पत्र्याचा वाघ उभा केला. छऱ्याच्या बंदुकीनं नेम लागला की वाघ ठण्णकन मागं पडे, अन् बांबूंतून त्याची वाघीण उसळून वर येई. लोक पागल झाले. दुसऱ्या वर्षी नदी आली आणि तिच्यात जबडा उघडणारी मगर. तिसऱ्या वर्षी मगरीच्या पोटातून जितं वाटावं असं हरीण निघालं. पार सोनाळ्याकडची माणसंही जत्रेत शिरताच विचारायची, यंदा काय?

मग फकीरच्या डोक्याला गंज चढला. लोक येतातच म्हटल्यावर मेंदू कशाला शिणवायचा? चौथ्या वर्षी त्यानं त्याच वाघाला काळा रंग देऊन अस्वल केलं. पुढं अस्वलाचा लांडगा झाला, लांडग्याचं रानडुक्कर. आता सातव्या वर्षी त्याला दोन शिंगं डकवली, निळा रंग फासला आणि पाटी लिहिली : ‘नवा राक्षस, कधी न पाहिलेला.’ लिहिताना त्याला लाज वाटली, हे खरं. पण लिहिली.

दरसाल पहिला छर्रा पुंजाजीचा. गावात त्याच्यासारखा नेमबाज नव्हता आणि खोटं बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं चांगला म्हटलं की मगच रांग पुढं सरके. अलीकडं त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. म्हणून बंदूक त्याची बायको रुखमाबाई धरायची आणि तो शेजारी उभा राहून ऐकायचा. आंधळ्याला रंग काय दिसतो, असा नीच विचार फकीरच्या मनात येऊन गेला होता.

रुखमाबाईनं नेम धरला. ठण्ण, आणि मागोमाग बारीक खुळखुळ. वाघाच्या पाठीतला खिळा पहिल्याच साली ढिला झाला होता, तोही पुंजाजीच्याच छऱ्यानं, आणि तेव्हापासून तो असाच वाजे. पुंजाजीनं आवाजाकडं मान किंचित वळवली.

“कसा आहे, पुंजाजीभाऊ?” रांगेतून अर्जुनरावांनी विचारलं.

पुंजाजी म्हणाला, “चांगला आहे. नवाच आहे.”

मग जाता जाता फकीरच्या कानाशी हळूच म्हणाला, “वाघाचा खिळा ठोकून घेजो, फकीरभाई.”

फकीरच्या कानशिलांना चटका बसला. माझ्यापायी या माणसानं आपला शब्द नासवला, असं त्याला वाटलं. उद्या कोणाला कळलं तर खोटा ठरणार पुंजाजी. कसबी माणसाला याहून मोठी लाज कोणती? रुखमाबाईनं परत दिलेली बंदूक त्यानं खाली ठेवली.

“थांबा,” तो रांगेला म्हणाला. “पुंजाजीभाऊनं माही अब्रू झाकली. हा राक्षस नाही, पह्यल्या सालचा वाघ आहे. अस्वल, लांडगा, डुक्कर, सारा तोच होता. मी तुमाले फसवून राह्यलो.”

आता लोक तोंडावर थुंकतील, याची त्यानं वाट पाहिली. तेवढंच आपल्याला शोभतं, असंही त्याला वाटलं.

“मालूम आहे ना,” अर्जुनराव म्हणाले.

“काय मालूम आहे?”

“सारंच. खुळखुळ कोठी झाकते रंगानं? मगर केली तवा तू दोन महिने दुकान बंद ठेवलं होतं. आता जत्रेच्या आदल्या दिवशीबी डबेच ठोकतं. तुले वाईट वाटन म्हणून कोणी बोललं नाही. दे बंदूक.”

रांगेतलं कोणीच हललं नाही. हसलंही नाही, हसले असते तर बरं झालं असतं. फकीरनं पुंजाजीकडं पाहिलं.

“तुमाले आजच समजलं ना, भाऊ? आवाजानं?”

पुंजाजीनं रुखमाबाईचा हात चाचपला. “नाही रे. अस्वलाच्याच साली दिसलं होतं. तवा डोळे होते मले.”

फकीरनं खाली मान घालून छर्रा भरला आणि बंदूक अर्जुनरावांच्या हाती दिली. त्यांचा नेम बरोबर लागला.