‘व्हय की’ मंडळाची चाळीस वर्षं

रत्नव्वानं सही केली तेव्हा चष्मा तिच्या कपाळावर होता आणि हात पिठाचे होते. एवढ्या दोन गोष्टी सोडल्या तर बाकी सगळं कायदेशीर होतं.

राजवर्धन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारत होता, “आक्का, अण्णांचं स्मारक व्हायला पायजे का नको?”

“व्हय की.”

“आणि ते शाहूपुरीतल्या माळ्यावरच व्हायला पायजे नव्हं?”

“व्हय की.”

“मग हितं एक सही.”

“व्हय की,” म्हणत तिनं सही केली, तव्यावरची भाकरी उलटली आणि मग चष्मा खाली ओढून कागद वाचला. माळ्यावरचे शनिवारचे खेळ कायमचे बंद. स्टेज काढून तिथं काचेची पेटी, पेटीत अण्णांचा फेटा. खाली रत्नव्वाची सही आणि शेजारी पिठाचा अंगठा. तोवर राजवर्धननं कागद तिच्या हातातनं अलगद काढून खिशात घातला, भाकरीचं कौतुक केलं आणि तो जिना उतरला.

चूक तिची म्हणावी तर तिची, पण खरी चूक त्या ‘व्हय की’ची. चाळीस वर्षं ज्या बाईच्या जिभेवर दुसरा शब्दच आला नाही, तिच्याकडून आणखी काय होणार? मंडळाचं नावच मुळी ‘व्हय की नाट्यमंडळ’.

ते काढलं तिच्या थोरल्या भावानं, सिद्धाप्पानं. गुळाचा व्यापारी माणूस, सगळं गाव त्याला अण्णा म्हणायचं. शहाऐंशी साली वारणानगरला कामगारांच्या वसाहतीत त्यांचं नाटक लागलं होतं. नायक, खलनायक आणि नाटकाची वही घेऊन निघालेला टेम्पो वाट चुकून भलत्याच गावच्या लग्नात शिरला. तिथल्यांनी त्यांना वऱ्हाडी समजून पंगतीला बसवलं, आणि हे बसले. इकडं मांडवात पाचशे माणसं. शेवटी अण्णा पुढं झाले. “पावणं, आमचं नाटक जेवायला गेलंय. तुम्ही एक शब्द द्या, आमी करतो काय तर!” मागनं कुणीतरी ओरडलं, “म्हैस!” आणि दोन तास म्हैस झाली. कपडे सांभाळायला गेलेली बावीस वर्षांची रत्नव्वा त्या दिवशी अंगावर घोंगडं घेऊन चार पायांवर उभी राहिली, ती पुन्हा स्टेजवरनं खाली उतरलीच नाही.

तेव्हापासून गुळाच्या दुकानावरच्या माळ्यावर दर शनिवारी खेळ. तो माळा अण्णांनी पुढं रत्नव्वाच्याच नावावर केला. नियम दोनच. शब्द लोकांतनं येणार. आणि समोरचा काही का म्हणेना, ‘व्हय की’ म्हणायचं आणि गाडी पुढं हाकायची. समोरच्यानं तुम्हाला कळंब्याच्या जेलातनं पळालेला कैदी म्हटलं, की तुम्ही कैदी. ‘न्हाय, मी कारकून हाय’ म्हणालात की खेळ तिथंच मेला.

राजवर्धन त्या स्टेजवर एकदाच चढला होता, पस्तीस वर्षांपूर्वी. रत्नव्वानं कापडाचं गाठोडं त्याच्या हातात दिलं. “धरा, तुमचं पोरगं. लई रडतंय.” राजवर्धन पांढराफटक पडला. “न्हाय हो! माझं अजून लगीन व्हायचंय! पुढच्या बाकावर पोरगी नि तिच्याकडची माणसं बसल्यात!” लोक पोट धरून हसले, पण खेळाला नव्हे, त्याला. अण्णांनी खांद्यावर हात टाकून त्याला खाली पोचवलं. आता तो तीन संस्थांचा अध्यक्ष होता, अण्णा गेल्यावर निघालेल्या स्मारक समितीचाही, आणि समितीच्या स्मरणिकेत त्याच्या फोटोखाली छापलं होतं, ‘संस्थापक सदस्य’.

स्मरणिकेत आणखीही बरंच होतं. छापताना समितीला ‘म्हैस’ जरा हलकी वाटली, म्हणून तिथं ‘सहकार’ आला. ‘जनसामान्यांतून उमटलेल्या “सहकार” या हाकेने मंडळाचा पाया रचला गेला.’ यावर वारणेकडून दीडशे माणसांनी निवेदन दिलं, की म्हैस आपणच ओरडलो होतो. दीडशेच्या दीडशे जणांनी, प्रत्येकानं एकट्यानंच. पेटीत फेट्याशेजारी ठेवायला ‘मूळ संहिता’ पाहिजे होती. ती कधी नव्हतीच, म्हणून एका नव्या वहीला चहात बुडवून गच्चीवर वाळत घातलं. आणि चाळिसाव्या वर्धापनदिनाला उत्स्फूर्त प्रयोग करायचं ठरलं, त्याच्या तीन तालमी झाल्या. प्रमुख पाहुणे येणार, ‘सहकार’ हा शब्द देणार, त्यावर रत्नव्वानं आणि पवित्रानं पाठ केलेलं बोलायचं, चौथ्या मिनिटाला टाळ्या.

पवित्रा म्हणजे अण्णांची लेक. हल्ली शनिवारचे खेळ ती आणि तिच्या मैत्रिणी करायच्या. सहीचं कळल्यावर ती रत्नव्वासमोर येऊन बसली.

“आत्ती, आता आमी शनिवारी कुठं जायाचं? पेटीत बसायचं व्हय?”

रत्नव्वानं परात पुढं ओढून पीठ मळायला घेतलं.

“एकदा न्हाय म्हटली असतीस तर जीभ झडली असती?”

“न्हाय म्हणायची सवय मोडली गं,” रत्नव्वा म्हणाली. डोळे पुसायला तिनं पदर घेतला आणि पिठाचा हात गालाला लावून बसली. पवित्राला हसू आलं, मग दोघींनाही.

वर्धापनदिनाला सकाळी अकराला माळा गच्च भरला. पाहुणे बाराला आले. राजवर्धननं रत्नव्वाचं संमतिपत्र उंच धरून दाखवलं, परत खिशात घातलं आणि पाहुण्यांपुढं माईक केला. “साहेब, एक शब्द द्यावा. कुठलाही.”

पाहुण्यांचं लक्ष फोनमध्ये. “कुठला ठरलाय?” ते माईकमध्येच म्हणाले.

राजवर्धननं घाईघाईनं माईकवर हात ठेवला. आणि मागच्या भिंतीजवळून एक थकलेला, खरखरीत आवाज आला, “म्हैस!”

तो त्या दीडशेतला होता, की खराच तो होता, कोण जाणे. पण रत्नव्वाला तेवढं पुरे झालं. तिनं सतरंजी उचलून पवित्राच्या पाठीवर टाकली. पवित्रा क्षणात चार पायांवर. मग रत्नव्वा राजवर्धनकडं वळली.

“या पावणं! म्हैस बघायला आलासा नव्हं?”

राजवर्धनच्या गळ्यात हार, कपाळाला घाम. तोंड उघडलं, ते ‘न्हाय’साठीच. पुढच्या बाकावर त्याची बायको बसली होती, पस्तीस वर्षांपूर्वी बसली होती तिथंच. तिनं नुसती भुवई उचलली.

“व्... व्हय की,” राजवर्धन म्हणाला.

माळा हसला. ह्या खेपेला त्याला नव्हे, खेळाला. दोन्हीतला फरक त्याला पस्तीस वर्षं पुरता पाठ होता.

“आवडली?”

“व्हय की! डोळं तर आमच्या मंडळींगत!”

छप्पर उडायची वेळ आली. राजवर्धननं हार काढून म्हशीच्या गळ्यात घातला.

“मग हिला न्हेऊन काचंच्या पेटीत ठिवणार म्हणं तुम्ही?”

“व्हय की!”

“आणि धार कशी काढायची?”

तो अडखळला. लोक बाकांवर पुढं सरकले. पाहुण्यांनीही फोन खाली ठेवला.

“पेटी... पेटी फोडायची की!”

“आणि गोठा?”

“गोठा म्हशीचाच की! आमी कोण?”

“मग पावणं, तुमच्या खिशात त्यो कागद कसला?”

राजवर्धननं खिशात हात घातला. कागद बाहेर काढला. त्याच्याकडं बघितलं, मग लोकांकडं, आणि त्या तंद्रीत, टाळ्यांनी झिंगलेल्या माणसानं, म्हशीपुढं धरला. “ह्यो? ह्यो वैरणीचा की!”

पवित्रानं खाल्ला. शिक्क्यासकट, पिठाच्या अंगठ्यासकट, डोळे मिटून रवंथ करत.

सोमवारी राजवर्धन पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात. हातात नवा कागद, चेहरा पडलेला. “आक्का, समिती म्हणत्या, जनावरानं खाल्लेलं पत्र फायलीला लावता येत न्हाय. दुसरं करूया नव्हं?”

रत्नव्वानं हात धुतले, पुसले. चष्मा नीट डोळ्यांवर घेतला. कागद सगळा वाचला.

“न्हाय,” ती म्हणाली.

नवी कवळी बसवल्यासारखा शब्द तोंडात अवघड झाला, पण बसला.

राजवर्धननं कागदाची घडी घातली, पण जाईना. हारातली एक वाळकी पाकळी त्याच्या कॉलरला अजून चिकटलेली होती.

“शनिवारी खेळ हाय का?” त्यानं हळूच विचारलं.

“हाय. तू म्हैस व्हशील?”

तीन संस्थांच्या अध्यक्षानं मागं वळून जिन्यात कुणी ऐकत नाही ना, ते बघून घेतलं.

“व्हय की,” तो म्हणाला.