धानामागचा डबा

फोन हातभर पुढे धरून खेमराज माजघर ओलांडत होता. "थांब, तुह्या मायले देतो," म्हणेपर्यंत मागच्या खोलीचा उंबरठा आला आणि पडद्यावरचा राजदीप उघड्या तोंडानं गोठला. मग गेलाच.

पाय मोडून महिनाभर खाटेवर पडलेल्या भागीरथेनं विचारलं, "गेला?"

"गेला. पण सांगून गेला. मायनं औषध वेळेवर घ्यावं म्हणे. तुह्या हातच्या पातोडीची लय आठवण येते म्हणे."

राजदीपनं पुण्याहून फक्त धानाचा भाव विचारला होता. दर रविवारी हेच चाललं होतं. खेमराज खाटेच्या काठावर बसून मुलाच्या नावानं अर्धा तास गोड बोलायचा. स्वतःच्या नावानं बोलायची सवय त्याला चाळीस वर्षांच्या संसारात लागली नव्हती.

शेवटी आमगावहून वायफायवाला संघदीप आला. राजदीपनं दिवाळीत घरात वायफायचे तीन डबे बसवले होते. संघदीपनं फोन घेऊन पुढून मागे चार फेऱ्या मारल्या.

"काका, मधला डबा कुठं हाय?"

"धानामागं. पोत्यांआड सुरक्षित हाय."

"तोच तं मागच्या डब्याले नेट देते! एवढ्या धानातून कसं जाईल? फोन समोरचा डबा सोडून इकडं येते, अन् इकडचा डबा उपाशी."

"अन् मी कंपनीले शिव्या देऊन राहिलो!"

दोघांनी सात पोती हलवली. डबा तुळईवर चढला. खेमराजनं मनापासून आभार मानले, पण जरा हात चोळत. आज आपलं बिंग फुटणार होतं.

संघदीपनं लगेच फोन लावायला लावला. राजदीप न अडखळता उंबरठा ओलांडून मायपाशी पोचला.

"माय, पाय कसा हाय? बरं हाय ना? चल, ठेवतो."

खेमराज दाराची चौकट निरखू लागला.

भागीरथेनं डोळे पुसले. "पोराचं तोंड दिसलं. लय उपकार झाले रे तुहे, संघदीप."

मग तिनं सरकून खाटेवर जागा केली.

"बसा. आता तुमी सांगा, काय काय म्हणला तो."

खेमराज बसला. घसा साफ केला.

"तू आंगणात दिसत नाही तं घर सुनं लागते म्हणे."

"पुण्यातून?"

"पुण्यातूनच."