उशिरा आलेली लेक

बारशाला माझी नणंद आली नाही. सासूबाईंनीच येऊ दिलं नाही. पाळणा बांधलेला, घुगऱ्या शिजलेल्या, पण लेकराच्या कानात नाव सांगायला आत्या नाही. सासूबाई राणीसावरगावला, माझ्या माहेरी आल्या त्या नुसतं तोंड दाखवायला. पाळण्याकडं पाठ करून बसल्या.

त्यांचा राग एकच, लेक तीन आठवडे उशिरा झाली. पोळ्यानंतर मी बाहेर बसले होते, ते त्यांच्या डोळ्यांसमोर. गणपती उठल्यावर हे धरणाच्या कामावर गेले आणि मी महिनाभर माहेरी आले. सासूबाईंनी बोटांवर मोजून वटपौर्णिमा सांगितली होती. पोर आली आषाढात.

"माहेरी पुन्हा बाहेर बसली असशील," चौथ्या दिवशी लेक बघायला आल्या तेव्हा त्या म्हणाल्या होत्या. "अन् तवा माझा लेक तर धरणावर."

म्हणजे लेक ह्यांची नव्हेच. नाही बसले, हे किती वेळा सांगायचं? माझ्या आईची साक्ष चालेना, माझी तर नाहीच. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मायला मोजता येतंय. सात बाळंतपणं झालीत तिची." एवढंच. लेकीला छातीशी धरून मी त्या 'एवढंच'वर आठ दिवस जळत होते.

दुपारी पोखर्णीहून केशरबाई आल्या, ह्यांच्या आत्या. पिशवी ठेवायच्या आधी विचारलं, "नाव ठेवलं का?"

"घाई कशाची?" सासूबाई म्हणाल्या. "पोरीला तरी कुठं घाई होती?"

"मग बापावरच गेली की," केशरबाई हसल्या. "नागनाथानं महिनाभर लटकवलं होतं आमाला. सुईण दोनदा जेवून परत गेली. कस्तुरा, आठवतंय न्हवं? आमची माय काय काय बोलली तुला. हौदापाशी बसून रडायली व्हतीस, मी बघितलंय."

सासूबाई पदराचं टोक चुरगाळत राहिल्या. म्हणजे हे सगळं त्यांना ठाऊक होतं. आठ दिवस, रोज.

"मी बी आत्याच हाय, बापाची," म्हणत केशरबाईंनी लेकीच्या कानात मनकर्णा नाव सांगितलं. मग सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं. "नाक नागनाथाचंच हाय," त्या म्हणाल्या. बायका हसल्या.

मला हसू आलं नाही. दूध पाजायचंय म्हणून मी लेक मागून घेतली. ती भुकेली नव्हती.